बडोदा: ट्रस्टला दोन लाख द्यायचेत, पण त्यांचा हिशोब वाचायचा कसा?

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या. आमची आत्या ८१ वर्षांची, मांजलपूरला एकटी राहते, तिला आतोबांच्या नावाने दोन लाख रुपये आपल्या इथल्या एका जुन्या मराठी ट्रस्टला द्यायचेत. नाव लिहीत नाही, बडोद्यात आपण आहोत किती, दोन ओळीत ओळखाल. गरजू मुलांची फी, दवाखान्याला थोडी मदत आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचा डबा, असं काम आहे. आत्याच्या मैत्रिणीला तो डबा येतो, तेवढ्यावर आत्याचा विश्वास बसलाय.

मी चेक द्यायचा म्हणूनच गेलो होतो. तिथे सहज विचारलं की मागच्या वर्षीचा हिशोब बघायला मिळेल का, तर ऑफिसातले काका एकदम गप्प. मग म्हणाले, इतकी वर्षं कोणी विचारलं नाही हो. मलाच ओशाळल्यासारखं झालं. तरी दिला त्यांनी, गुजरातीत छापलेलं सरवैयुं, म्हणजे ताळेबंद, आणि उपज-खर्चाचं (उत्पन्न-खर्चाचं) पान. आता ते घेऊन बसलोय. उपज ६ लाख ९० हजार, खर्च ६ लाख, त्यात ऑफिस-पगार असा वहिवटी खर्च १ लाख ४० हजार. एफडी ४१ लाख. म्हणजे खर्चाचा जवळजवळ चौथा हिस्सा वहिवटीतच जातो, हे जास्त नाही का? कुठेतरी वाचलं होतं की २० टक्क्यांच्या वर कायद्यानेच चालत नाही. कोणाला समजतं का यातलं?

माजी खजिनदार

ते २० टक्के परदेशातून येणाऱ्या पैशाचे, भाऊ. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याचा नियम आहे, आधी ५० टक्के होता, २०२० मध्ये २० केला. तुमच्या ट्रस्टला अमेरिकेतून पैसे येत नसतील तर त्याचा इथे काही संबंध नाही. लोक व्हॉट्सॅपवर वाचतात आणि सगळ्यांना लावत सुटतात.

मी दुसऱ्या एका मंडळात १३ वर्षं खजिनदार होतो म्हणून सांगतो, आकडा बघून घाबरू नका, तो आकडा कुठल्या खान्यात बसलाय ते बघा. आपल्याकडे उपज-खर्चाचा नमुना ठरलेला, ट्रस्ट कायद्याच्या नियमांतलं शेड्यूल नऊ. त्यात ट्रस्टच्या उद्देशांवरचा खर्च वेगळा दाखवायचा असतो, धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबी निवारण आणि इतर, आणि पगार, लाइटबिल वगैरे एस्टॅब्लिशमेंटमध्ये, म्हणजे वहिवटी खर्चात. आता डबा करणाऱ्या बाईंचा पगार कुठे जाणार? अकाउंट लिहिणारा पगार हा शब्द बघतो आणि टाकतो वहिवटीत. बाई डबाच करतात, पण कागदावर त्या ऑफिसखर्च! तेव्हा आधी पगार कोणाचा ते विचारा.

आणि नुसत्या सरवैयावर थांबू नका, ऑडिटरचा रिपोर्ट मागा. त्यात हो-नाहीच्या उत्तरांची एक यादी असते, रोख शिल्लक आणि व्हाउचर जुळले का, मोठ्या दुरुस्तीला टेंडर मागवलं का, पैसे कायद्याबाहेर कुठे गुंतवलेत का. कोणी वाचत नाही ती, आणि खरं तर तीच वाचायची. दुसरं म्हणजे पीटीआरचा, म्हणजे सरकारी ट्रस्ट रजिस्टरचा, उतारा, त्यावर ट्रस्टी म्हणून कोणाची नावं आहेत ते बघा. ट्रस्टी बदलला की चॅरिटी कमिशनरकडे (धर्मादाय आयुक्त) फेरफार रिपोर्ट द्यावा लागतो आणि तिथेच सगळे आळस करतात. आमच्याकडे रजिस्टरवरचे दोन ट्रस्टी स्वर्गवासी होऊन कितीतरी वर्षं झाली होती, एफडी पिकली तेव्हा बँकेने सह्या मागितल्या, आता आणणार कुठून? चार महिने गेले त्यात.

४१ लाख कुठल्या बँकेत आहेत तेही विचारा. ठेवीला विमा एका बँकेत ५ लाखांपर्यंतच, २०२० पासून, त्याआधी तर १ लाखच होता. दोन शाखांत ठेवले तरी बँक एकच धरतात. ओळखीचा मॅनेजर म्हणून सगळी ठेव एका सहकारी बँकेत ठेवणारे ट्रस्ट मी पाहिलेत.

वडसरवाला

एवढी चौकशी करायची असेल तर देऊच नका ना राव. चार म्हातारी माणसं स्वतःचं पेट्रोल घालून, फुकट, उन्हातान्हात करतात आणि आपण सेवउसळ खात त्यांचं ऑडिट काढायचं. उद्या ते काका राजीनामा देतील तेव्हा डबा कोण पोचवणार, तुम्ही?

माजी खजिनदार

वडसरवाले, मीही फुकटच करत होतो. एका वर्षी ४,३०० रुपये जुळेनात, तीन रात्री झोप नाही, शेवटी मंडपवाल्याची पावती दोनदा चढवलेली निघाली. त्या वेळी कोणी येऊन वही बघतो म्हणाला असता तर मी चहा पाजला असता त्याला. न विचारण्यानेच खजिनदार एकटा पडतो. विचारायची पद्धत नीट हवी एवढं मात्र खरं.

इंदूरची सून

माझं माहेर रावपुऱ्याचं, आता इंदूरला सीएच्या ऑफिसात आहे, म्हणून टॅक्सचं तेवढं लिहिते. ट्रस्टला १२एबी, म्हणजे आयकरात सूट देणारी नोंदणी, असेल तर उपजेच्या ८५ टक्के वर्षात खर्च व्हायला हवेत, नाहीतर कशासाठी साठवताय ते लिहून द्यावं लागतं. ६ लाख ९० हजाराचे ८५ टक्के म्हणजे ५ लाख ८६ हजार ५००, यांनी ६ लाख केलेत, तिथे ठीक दिसतंय.

८०जी, म्हणजे देणगीदाराला टॅक्समध्ये मिळणारी सूट, म्हणाल तर, आत्या नवीन टॅक्स रिजीममध्ये असेल किंवा टॅक्सच भरत नसेल तर तिला त्याचा फायदा शून्य, उगाच त्यासाठी अडून राहू नका. पण ट्रस्टची परीक्षा म्हणून एक विचारा, मागच्या वर्षीच्या देणगीदारांना टेन-बीई हे देणगीचं सर्टिफिकेट मिळालं का. ट्रस्टने सगळ्या देणग्यांचं विवरण आयकराच्या पोर्टलवर भरलं तरच ते निघतं, मुदत ३१ मे, नुसत्या छापील पावतीवर आता ८०जी मिळत नाही. ज्यांचं हे वेळेवर होतं त्यांची बाकीची कागदंही बहुधा जागेवर असतात. आणि रोख देऊ नका, २,००० च्या वर रोखीला सूट नाही.

मुख्य मुद्दा वेगळाच आहे. तुम्ही कायम निधीसाठी असं लिहून दिलंत तर ते दोन लाख खर्च होणार नाहीत, फक्त व्याज वापरतील. काही लिहिलं नाहीत तर चालू देणगी. सरवैयात डाव्या बाजूला बघा, ४१ लाखातले कायम निधीचे किती, तेवढे त्यांना मोडता येत नाहीत. हे न बघता लोक ट्रस्टकडे पैसा पडून आहे म्हणतात.

अवांतर: बडोद्याला कमिशनर ऑफिसात कागद मिळतात हे नशीब समजा. बडोदा १९४९ ला मुंबई राज्यात गेलं म्हणून आपल्याला मुंबईचा १९५० चा कायदा लागला, मुळात पुण्यातल्या ट्रस्टला जो तोच, पुढे नाव गुजरात झालं. आमच्या मध्य प्रदेशात चॅरिटी कमिशनरच नाही, ट्रस्टचा रजिस्ट्रार म्हणजे कलेक्टर. आणि बरीच मराठी मंडळं तर १९७३ च्या सोसायटी कायद्याखाली, तिथे धारा २७-२८, म्हणजे कार्यकारिणीची यादी आणि वर्षाचा हिशोब, भरली का एवढंच विचारायचं.

फतेगंजची एमएसडब्ल्यू

सगळे पैशाचंच बोलताय, कामाचं कोणी विचारत नाही म्हणून लिहिते. हिशोब एकदम चोख आणि काम निरुपयोगी, असं होऊ शकतं. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या शिक्षणाच्या, फील्डवर्कला मी एका संस्थेत होते, जूनमध्ये वह्यावाटप, स्टेज, फोटो, पाहुणे, सगळं. ऑगस्टमध्ये आम्ही मुलांच्या घरी गेलो तर एकेका घरात तीन-तीन संस्थांच्या वह्यांचे गठ्ठे, आणि मुलगी शाळेत जात नाही कारण बसचा पास काढला नाही. पावत्या होत्या, ऑडिट क्लीन होतं.

त्यामुळे काकांना विचारा, रोज डबे किती जातात, गेल्या वर्षी कोणाचा बंद झाला आणि का, डब्याची वाट बघत थांबलेले किती आहेत. फीचं म्हणाल तर किती मुलांना दिली हा प्रश्नच नाही, त्यातली किती पुढच्या वर्षी शिकत होती हा आहे. फोटोंचा अल्बम दाखवला तर बघा, छान म्हणा, आणि परत वही मागा.

दांडियाबाजारकर

मंडळी, परवा परत गेलो होतो, या वेळी आत्यालाच घेऊन. ती असल्यामुळे काका खुलले, चहा झाला, आणि वडसरवाले, त्यांनीच कपाटातून वह्या काढल्या.

खजिनदार साहेब, तुमचं म्हणणं तंतोतंत. १ लाख ४० हजारातले ९६ हजार डबा करणाऱ्या बाईंचे, महिना ८,०००. खरा ऑफिसखर्च ४४ हजार. एफडीचे ३३ लाख सरकारी बँकांत आणि ८ लाख एका सहकारी बँकेत, ते आता हलवतो म्हणाले, बघू. ४१ पैकी २९ लाख कायम निधी. एक ट्रस्टी दोन वर्षांपूर्वी गेले त्यांचा फेरफार रिपोर्ट अजून दिलेला नाही, तुमचंच उदाहरण सांगितलं तर काकांनी लगेच चिठ्ठीवर लिहून घेतलं.

डब्याची वही मात्र बघण्यासारखी आहे. रोज २२ डबे, प्रत्येकापुढे टिक, कोण दवाखान्यात, कोण मुलाकडे गेलं, कोणाला मीठ कमी. सामानाचे २ लाख १० हजार आणि बाईंचा पगार धरून मी हिशोब केला, वर्षाचे ३०० दिवस धरले तर एक डबा ४६ रुपयांच्या आसपास पडतो. ४६ रुपयांत पोळी-भाजी-वरण-भात घरपोच! फीचं मात्र उलटं, ३१ मुलांची यादी आहे, पुढे काय झालं कोणालाच खबर नाही. काका म्हणाले, फी भरली, आता त्यांना फोन कोण करणार.

मग घरी येऊन आत्याशी बोललो. दोन लाख कायम निधीत टाकले तर ७ टक्क्यांनी व्याज १४ हजार, म्हणजे आजच्या भावाने एका माणसाचा वर्षाचा डबा, कायमचा. मला ते फार आवडलं होतं. आत्या म्हणाली, भाव वाढले की तो डबा अर्धा होईल, आणि वाट बघत थांबलेले नऊ जण आज भुकेले आहेत. मी म्हटलं मग नऊ डबे सुरू करू, वर्षाला सव्वा लाख, दीड वर्ष निघेल, पण नंतर त्यांना काय सांगणार? यावर काकांना फोन केला तर कळलं की बाईंना २५ च्या वर झेपतच नाहीत, ओटा लहान आहे. म्हणजे अडचण पैशाची नव्हतीच, शेगडी आणि हातांची आहे, आणि हे कुठल्याच शेड्यूलमध्ये दिसलं नसतं.

सध्या आत्याने ५० हजारांचा चेक दिलाय, पत्रावर स्पष्ट लिहून की डब्यासाठी, कायम निधीत नाही. तीन डबे सोमवारपासून वाढले. मोठी शेगडी आणि मदतीला अजून एक बाई मिळाली की बाकीचे देऊ म्हणालीय, मार्चची वही बघून. आतोबांच्या नावाची संगमरवरी पाटी नको म्हणाली, ते स्वतःच डब्यातली भाजी परत पाठवायचे, त्यांचं नाव कशाला तिथे.

त्या ३१ मुलांना फोन करायला कोणी दोन-तीन तास देऊ शकेल का? यादी काका द्यायला तयार आहेत.

फतेगंजची एमएसडब्ल्यू

मी करते. शनिवारी दुपारी मोकळी असते, पण काकांना सांगा की आधी पालकांना एकदा विचारून ठेवा, एकदम अनोळखी फोन आला की लोक घाबरतात आणि वाटतं पैसे परत मागतायत.