आम्ही बाराजणींनी मालिका बघणं सोडलं, वाहिनीला कळतं का?

माई, इस्लामपूर
आमच्या भिशीतल्या बाराजणींनी ठरवून रात्री साडेआठची एक मालिका सोडली. नवरा बायकोच्या मुस्काटात मारतो आणि पुढच्या भागात तीच त्याची माफी मागते. माझी आठ वर्षांची नात शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "आजी, तिचं काय चुकलं?" त्या रात्रीपासून बंद. दोन महिने झाले, मालिका जोरात चालू आहे. आमचं न बघणं त्यांना कळतं तरी का?

रवी केबल
माई, वीस वर्षं केबल चालवतोय, स्पष्ट सांगतो. नाही कळत. टीआरपी बार्क या प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेच्या मीटरवरून निघतो आणि ती मीटरं देशभरात जेमतेम ५०-६० हजार घरांत आहेत. तिथे घरातल्या प्रत्येकाचं वेगळं बटण असतं, आजी बसली की आजीचं, नात बसली की नातीचं दाबायचं. घरं कुठली ते गुप्त. तुमच्या बाराजणींत एखादीकडे मीटर असणं नसल्यात जमा.

पण पैशाचा दुसरा रस्ता माझ्या काउंटरवरून जातो. महिन्याच्या ७, १४, २१ आणि २८ तारखेला पे चॅनेल किती बॉक्सवर चालू होतं, त्याच्या सरासरीवर वाहिनीला पैसे जातात. तुम्ही बघा नाहीतर न बघा, पॅकमध्ये चॅनेल आहे तोवर तुमचे पैसे पोचतात. आणि ते एकटं काढता येत नाही. अख्खा पॅक मोडावा लागतो, बाकीची चॅनेलं सुटी सुटी घेतली की बिल वाढतं. लोक चिडून येतात, हिशेब ऐकतात आणि पॅक तसाच ठेवून जातात. मला याचं फार वाईट वाटतं.

अश्विनी, ठाणे
माई, लेखी तक्रार करा. भागाची तारीख आणि वेळ घाला. वाहिनीला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही पटलं तर बीसीसीसीकडे, म्हणजे वाहिन्यांच्याच संघटनेच्या तक्रार मंडळाकडे, जाता येतं. २०१७ साली सोनीवर 'पहरेदार पिया की' आली होती, नऊ-दहा वर्षांच्या मुलाचं अठरा वर्षांच्या मुलीशी लग्न. लोकांनी ऑनलाइन सह्या गोळा केल्या, बीसीसीसीने मालिका रात्री उशिरा दाखवायला सांगितली. जुलैत सुरू झालेली ऑगस्टअखेर गुंडाळली.

माई, इस्लामपूर
अश्विनी, तारीख वहीत लिहून ठेवली आहे. नातीचा प्रश्न जसाच्या तसा तक्रारीत घालते. रवी, पॅक मोडला तर पोरांचं कार्टून आणि बातम्या धरून किती पडेल? चौघी तयार आहेत, ७ तारखेच्या आत सांगा.