शहरं वाढली म्हणजे देश पुढे गेला का?

वाटसरू (धागाकर्ता)
१९५० साली जगातली साधारण ३० टक्के माणसं शहरांत राहायची. २००७ च्या आसपास हा आकडा निम्म्यावर गेला आणि संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अंदाजानुसार २०५० पर्यंत तो ६८ टक्के होईल. यावर अनेक जण हळहळतात. मला ती हळहळ पटत नाही.

माणसं शहरात येतात कारण त्याच मेहनतीला तिथे जास्त मोल मिळतं. एका भागात शंभर कारखाने असले की सुटे भाग पुरवणारे जवळ येतात, कसबी कामगाराची एक नोकरी गेली तर दुसरी शेजारीच सापडते आणि धंद्यातली अक्कल बघून-ऐकून पसरते. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलने १८९० मध्येच हे मांडलं होतं: एका धंद्यातली माणसं जवळ राहिली की त्यातली गुपितं गुपितं राहत नाहीत, जणू हवेतच असतात. १९६० मध्ये दक्षिण कोरियातले जवळपास तीन-चतुर्थांश लोक खेड्यांत होते, १९९० मध्ये तेवढेच शहरांत. शहरं न वाढता श्रीमंत झालेला एक तरी मोठा देश दाखवा.

पाणवठा
असा देश मलाही माहीत नाही. पण शहरं वाढूनही लोक गरीबच राहिलेले देश दाखवता येतात. आफ्रिकेतला अंगोला घ्या. तेलाचा पैसा आला, तो राजधानी लुआंडात खर्च झाला आणि त्या खर्चाभोवती आयात, किरकोळ विक्री, सरकारी नोकऱ्या वाढल्या. बाहेर विकण्याजोगं तेलाशिवाय फारसं काही बनलं नाही. परदेशी नोकरदारांसाठी सर्वांत महागड्या शहरांच्या एका प्रसिद्ध यादीत २०१३ ते २०१५ सलग तीन वर्षं लुआंडा पहिलं होतं, आणि त्याच लुआंडातले बहुतेक लोक नळ-गटार नसलेल्या वस्त्यांत राहत होते. कोरियातली शहरं कमावती होती, ही खर्चाची. शहरी लोकसंख्येच्या टक्केवारीत दोन्ही सारखीच दिसतात.

शिवाय माणूस हातातल्या पगाराकडे बघून येत नाही, मिळू शकेल अशा पगाराकडे बघून येतो. हॅरिस आणि टोडारो या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये नेमकं हेच दाखवलं: शहरात नोकऱ्या वाढवल्या की त्यांच्या आशेने त्याहून जास्त माणसं येऊ शकतात, म्हणजे बेकारी उलट वाढू शकते.

वाटसरू
लुआंडात लाखो लोक २७ वर्षांच्या यादवी युद्धातून जीव वाचवून आले. तो दोष शहराच्या माथी कसा मारता? कमावतं आणि खर्चाचं हा फरक मात्र मान्य. तो मी मूळ धाग्यात मांडायला हवा होता.

उंबरठा
दोघंही फक्त पगाराचं बोलताय. इंग्लंडमधल्या मजुरांच्या आरोग्यावरच्या एडविन चॅडविकच्या १८४२ च्या अहवालात मँचेस्टर या कारखान्यांच्या शहरातल्या मजूर कुटुंबांत मृत्यूचं सरासरी वय १७ वर्षं नोंदलंय, ग्रामीण रटलंडमध्ये ३८. (तान्ह्या मुलांचे मृत्यू धरलेत, म्हणून आकडे एवढे खाली.) मजुरी मँचेस्टरमध्येच जास्त होती! मार्शलच्या त्या हवेत कारागिरीसोबत रोगही होते. शहर जगण्यालायक झालं ते स्वच्छ पाणी आणि भुयारी गटारं आल्यावर, आणि त्याला प्रचंड सार्वजनिक पैसा लागला. आज अनेक देशांत तेवढा पैसा हाती येण्याआधीच शहरं फुगताहेत.

पाणवठा
पैसा आहे, चुकीच्या खिशात आहे. रस्ता आला, नळ आला की शेजारच्या जमिनीचा भाव चढतो, मालकाने काहीही न करता. तो चढलेला भाव करातून परत घ्या आणि त्यातून गटारं बांधा.

उंबरठा
तत्त्व पटतं. पण जमीन कुणाच्या नावावर आहे याची धड नोंदच नसेल, तर कर लावणार कुणावर? आणि ती नोंद लांबवण्यात ज्यांचा फायदा आहे, तेच बहुतेकदा निर्णय घेतात.

वाटसरू
मग निदान वस्ती येण्याआधी रस्त्यांच्या जागा राखा. न्यूयॉर्कने १८११ मध्ये मॅनहॅटनचे रस्ते आखले तेव्हा त्यातला बराच भाग शेतं आणि टेकड्या होता. पाइप पुढेही टाकता येतात, पण दाट वस्तीतून रस्ता काढायचा तर घरं पाडावी लागतात.

पाणवठा
इथे सहमत, एका अटीवर. राखलेल्या जागेवर आधीपासून राहणाऱ्यांना त्याच शहरात, कामाच्या जवळ घर मिळालं पाहिजे. तीस किलोमीटर लांब फेकलं, तर ज्या जवळिकीचे फायदे तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये सांगितलेत, त्यातला एकही त्यांच्या वाट्याला येणार नाही.