फिल्टरने फ्लिकर जात नाही

निळ्या प्रकाशाचा फिल्टर लावूनही रात्री डोळे चुरचुरतात म्हणताय, तर आधी स्क्रीन ओलेड (जिचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो अशी) आहे का बघा. बरेच ओलेड फोन ब्राइटनेस कमी करायला उजेड सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात, काही तर जेमतेम २४० वेळा. फिल्टरने नुसता रंग बदलतो, ही उघडझाप, म्हणजे फ्लिकर, तशीच राहते. (१२० हर्ट्झची जाहिरात असते ती गोष्ट वेगळी, ती स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं त्याची.) खात्री करायची तर दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोडला (जिथे सेटिंग हाताने बदलता येतात) शटर १/२००० सेकंद ठेवा आणि स्क्रीनवर धरा. ठळक काळे पट्टे सरकताना दिसले की समजायचं, फ्लिकर आहे. ब्राइटनेस वाढवला की ते सहसा बारीक होतात. म्हणून मी ब्राइटनेस अर्ध्याच्या वर ठेवतो आणि अँड्रॉइडच्या 'एक्स्ट्रा डिम' सेटिंगने स्क्रीन मंद करतो. बॅटरी जरा जास्त खाते, खाऊ दे.