टायमर कॉलबॅकमध्ये प्रिंटके टाकणाऱ्याचे हात बांधून ठेवावेत (माझं मत, भांडायला या)

उद्यमबाग_ड्रायव्हर
आधीच सांगतो, ड्रायव्हर म्हणजे कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे), लॉरीचे न्हवे (आईला अजून तसंच वाटतंय). जुन्या लेथचं रेट्रोफिट करायलोय, ३२ बिट एआरएम बोर्ड, एकच कोर, दर १ मिलीसेकंदाला एचआरटायमरचा (कर्नलच्या बारीक टायमरचा) कॉलबॅक येतो, म्हणजे वेळ झाली की ठरलेलं फंक्शन चालतं, आणि स्टेपर मोटरला पल्स जातो. जॉबवर मधनंच एक रेघ उमटते, दिसत नाही पण नख फिरवलं की लागते. आमच्या ज्युनिअरनं वेळ बघायला कॉलबॅकच्या आतच प्रिंटके (कर्नलमधनं मेसेज छापायचं फंक्शन) टाकला आणि रेघा दुप्पट झाल्या, वर मलाच म्हणतोय सर टायमर खराब हाय. अरे बाबा सिरियल कन्सोल ११५२०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला जेमतेम ११,५२० अक्षरं, ८० अक्षरांची ओळ जायलाच ७ मिलीसेकंद लागतात, तेवढ्यात तुझे सात पल्स गेले की! चोर शोधायला गेलेला स्वतःच घर लुटून आला. एफट्रेस (कर्नलचंच नोंद ठेवायचं साधन) लावा, नाहीतर एक मोकळी पिन कॉलबॅकमध्ये वर-खाली करून ऑसिलोस्कोप जोडा, मग टायमरला शिव्या घाला.

कणबर्गी_कोडर
पटलं नाही. प्रिंटकेवर पोट भरलंय आमचं इतकी वर्षं. कन्सोलची लॉगलेव्हल (कुठले मेसेज कन्सोलवर छापायचे ती पातळी) खाली आणा, मेसेज फक्त मेमरीतल्या रिंग बफरात पडतो, नंतर डीमेसग कमांडनं निवांत वाचा. चूक प्रिंटकेची नाही, ज्युनिअरला हे न सांगणाऱ्या सीनिअरची. आणि गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये रात्री नऊला स्कोप कुठनं आणू, खिशातनं काढू?

उद्यमबाग_ड्रायव्हर
@कणबर्गी_कोडर सीनिअरवाला टोला लागला, घेतला. पण १ मिलीसेकंदाला एक ओळ म्हणजे सेकंदाला हजार ओळी, तो बफर किती टिकणार? रेघ पडली म्हणून डीमेसग मारेपर्यंत जुनं पुसलेलं असतंय. ट्रेस_प्रिंटके वापरा की, लिहायचं तसंच, पण जातं एफट्रेसच्या बफरात, कन्सोलकडं जातच नाही.

निपाणीची_आरटी
तुम्ही दोघं सुम्मने (उगाच) भांडताय. प्रीएम्प्ट आरटी (लिनक्सला वेळेचं पक्कं करणारा रिअल-टाइम पर्याय) २०२४ ला कर्नल ६.१२ मध्ये मेनलाइनला, म्हणजे मूळ कर्नलात, आलंय, चालू करा आणि सोडून द्या विषय.

उद्यमबाग_ड्रायव्हर
अक्का, ६.१२ मध्ये ते एक्स८६, आर्म६४ आणि रिस्क-व्ही प्रोसेसरांना आलं, माझा बोर्ड ३२ बिट, मला पॅच शोधत बसावं लागणार. आणि आरटी घातलं तरी हार्ड मोड मागितला नाही तर एचआरटायमरचा कॉलबॅक थेट इंटरप्टात न चालता सॉफ्टआयआरक्यूत जातो, म्हणजे थ्रेडात रांग लावतो, उलटा उशीरच व्हायचा. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला उभं राहिलाय ना? गेट पडलं की ॲम्ब्युलन्स पण थांबते. तसं कोणी इंटरप्ट (हार्डवेअरची प्रोसेसरला हाक) बंद करून बसलं की तुमची प्रायॉरिटी ९९ असो नाहीतर काय असो.

निपाणीची_आरटी
मग गेट कोण पाडतंय ते बघितलं का? एफट्रेसमधला आयआरक्यूज-ऑफ ट्रेसर त्यासाठीच हाय, इंटरप्ट कुणी किती वेळ बंद ठेवले ते दाखवतो. नुसतं ज्युनिअरवर ओरडून काय होणार.

मच्छे_फौंड्रीवाला
मला एक कळत नाही, १ मिलीसेकंदाचे पल्स लिनक्सच्या गळ्यात बांधायचेच कशाला? शेजारी एक साधा मायक्रोकंट्रोलर लावा, त्याच्या हार्डवेअर टायमरला मधे कोणी येत नाही, लिनक्सनं फक्त स्क्रीन आणि फायली सांभाळाव्यात. जेवण वाढायला आचारी लागत नाही ओ. आणि दुसरं, पल्सची केबल व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) वायरीला चिकटून नेलीय काय? आमच्यात इंडक्शन फर्नेस चालू झाली की शेजारच्या शेडचे सेन्सर नाचायला लागतात, ते लोक पण आधी सॉफ्टवेअरवाल्यालाच फोन करतात.

उद्यमबाग_ड्रायव्हर
मायक्रोचं बरोबर हाय, पुढच्या बोर्डावर करीन, आत्ताचे बोर्ड छापून आलेत, पैसे गेलेत.

उद्यमबाग_ड्रायव्हर
अपडेट, हसू नका. अक्कांचं ऐकून आयआरक्यूज-ऑफ लावला. सगळ्यात लांब नोंद ३ मिलीसेकंदाच्या वर, आणि नाव आलं डिस्प्लेच्या ड्रायव्हरचं. त्यात स्पिनलॉक आयआरक्यूसेव्ह (इंटरप्ट बंद करणारं कुलूप) घेऊन आत एमडिले(३), म्हणजे ३ मिलीसेकंद नुसतं घुटमळणं, बसलाय, स्क्रीन रिफ्रेश झाली की गेट पडतंय. तो ड्रायव्हर गेल्या दिवाळीत मीच लिहिलेला. वर एचआरटायमर_फॉरवर्ड_नाऊ टायमर किती पिरियड पुढं सरकवला तो आकडा परत देतो, वेळेवर असलं तर १, तो मी कधी बघितलाच नव्हता, बघितला तर ३ नाहीतर ४ दिसायचा. म्हणजे कर्नल ओरडून सांगत होता आणि मी कानात बोळे घालून बसलेलो.

कणबर्गी_कोडर
😂 आता कुणाचे हात बांधायचे?

निपाणीची_आरटी
ज्युनिअरला कुंदा खायला घाला आधी.

उद्यमबाग_ड्रायव्हर
घातला, अर्धा किलो. एमडिले काढून ते काम वर्कक्यूत (कर्नलच्या मागच्या कामांच्या रांगेत) टाकलं आणि तिथं एमस्लीप, म्हणजे प्रोसेसर सोडून झोपणं, केलं, थोडं जास्त झोपलं तरी डिस्प्लेला फरक पडत नाही. स्कोपवर पिन आता साफ, पाऊण तास बघत बसलो, एक पल्स हलला नाही. पण खरं सांगायचं तर जॉबवर रेघ अजून हाय, कमी झाली, गेली नाही. मशीन उघडून बघितलं तर केबल खरंच व्हीएफडीच्या वायरींबरोबर एकाच केबल टायनं आवळलीय. @मच्छे_फौंड्रीवाला केबलची शील्ड (वरची जाळी) एकाच टोकाला अर्थ करू की दोन्ही?

मच्छे_फौंड्रीवाला
आधी टाय कापा, केबल लांबनं न्या आणि एक जॉब काढून बघा. शील्डचं नंतर.