पॅरिश: गाव, शीव की धर्मग्राम?

इंग्लंडातल्या डर्बीशरमधल्या ईम गावाच्या प्लेगवर लेख लिहितेय. दर दुसऱ्या ओळीत ‘पॅरिश’ येतं, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला मुलूख. ‘चर्चचा परिसर’ लिहून पाहिलं, पण ते देवळाच्या आवारासारखं वाटतं. रूढ शब्द आहे का?

— आमच्या वसईत धर्मग्राम म्हणतात. बिशपच्या अखत्यारीतला तो धर्मप्रांत. गोव्यात फिर्गज, पोर्तुगीजांकडून आलेला. धर्मग्राम बिनधास्त वापरा.

— ताई, जरा थांबा. आजच्या वसईला धर्मग्राम चपखल आहे, पण सतराव्या शतकातल्या इंग्लंडात पॅरिशकडे निम्मा सरकारी कारभारही होता. १५३८ पासून बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी तिथेच. १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसणंही पॅरिशच्याच गळ्यात, त्यासाठी घरोघर पट्टी. त्यामुळे एखादा ‘पॅरिशवर आहे’ म्हणजे त्याला गाव पोसतंय. इथे ‘धर्मग्रामावर आहे’ लिहून बघा, हसू येईल.

— मग नुसतं ‘गाव’?

— एका पॅरिशमध्ये दोन-तीन वाड्या-वस्त्याही असत, म्हणून गावही पुरत नाही. माझं मत विचाराल तर ‘पॅरिश’च ठेवा आणि जिथे हद्दीचा प्रश्न येतो तिथे ‘शीव’ म्हणा. ईमची गोष्ट शिवेचीच आहे. १६६५ मध्ये लंडनहून शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला, त्यातल्या पिसवांबरोबर प्लेग आला असं सांगतात. पुढच्या जूनमध्ये रेक्टर, म्हणजे पॅरिशचे धर्मगुरू, मॉम्पेसन आणि आधीचे धर्मगुरू स्टॅन्ली यांनी लोकांना शीव न ओलांडण्यास राजी केलं. शिवेवरच्या एका दगडाला खळगे आहेत. त्यांत व्हिनेगर घालून नाणी ठेवायची, बाहेरचे लोक धान्य ठेवून ती उचलायचे. चर्च बंद, प्रार्थना उघड्या घळीत. परंपरेने मृतांचा आकडा २६० सांगतात, त्यात मॉम्पेसनची बायको कॅथरिनही.

— शीव! हाच शब्द हवा होता. ‘क्वारंटाइन’च्या जागी ‘शिवबंदी’ लिहू का?

— शिवबंदी म्हटलं की आपल्याला ‘शिबंदी’ आणि तिच्यातले शिपाई आठवतात. ‘शीव बंद केली’ म्हणा, सरळ.

— चालेल. मॉम्पेसनला मी व्हिकार लिहिलंय.

— बदला. दोघेही पॅरिशचे धर्मगुरूच, पण रेक्टरला सगळा दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा, मिळे, धान्याचासुद्धा. व्हिकारच्या वाट्याला सहसा धाकटा दशांश, म्हणजे कोंबड्या, अंडी, भाजीपाला. ईमचे रेक्टर तर शिशाच्या खाणींचाही दशांश घेत.