मदत हवी आहे: रोमचं पर्गेटरी म्युझियम कोणी पाहिलंय का?

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आईला घेऊन रोमला चाललोय. आम्ही वसईचे कॅथलिक, २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर मेणबत्त्या लावणारे, त्यामुळे आईने व्हॅटिकनच्या आधी हे पर्गेटरीचं (म्हणजे शुद्धीस्थान, मेल्यावर स्वर्गात जाण्याआधी आत्मे शुद्ध होतात ती जागा) म्युझियमच लिस्टमध्ये टाकलंय. तिबर नदीकाठी, कोर्टाच्या त्या भल्यामोठ्या इमारतीजवळ साक्रो कुओरे देल सुफ्राजिओ नावाचं गॉथिक स्टाईलचं चर्च आहे, म्युझियम त्यातच आहे. तिथे १८९७ मध्ये आग लागली आणि भिंतीवर वेदनेने पिळवटलेला चेहरा उमटलेला दिसला म्हणे, मग फादर व्हिक्टर जुए युरोपभर फिरून अशा खुणा गोळा करत सुटले. शुद्धीस्थानातल्या आत्म्यांनी प्रार्थना मागताना टेकवलेल्या बोटांचे जळके ठसे, प्रार्थनेच्या पुस्तकांवर, कपड्यांवर, एका नाइटकॅपवर सुद्धा! (मला स्वतःला मेणबत्तीचा डाग वाटतो, पण आईसमोर बोलायची सोय नाही.)

तर कोणी गेलं असेल तर सांगा, सध्या उघडं असतं का, किती वाजता जावं, आत कोणाला विचारावं लागतं का? आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या फार आहेत का? आणि व्हॅटिकनहून चालत जमेल की टॅक्सीच करू?