४२ डिग्री उन्हाळा आणि रायझन ३६०० ओव्हरक्लॉक : १० मिनिटांत पीसी बंद पडतोय, काय चुकतंय?

वऱ्हाडी_एडिटर
नमस्कार मंडळी, अकोल्याहून लिहितोय. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम (३२०० वाली), कूलर प्रोसेसरच्या डब्यात आलेला तोच. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, एका एक्स्पोर्टला ४३ मिनिटं जातात म्हणून जानेवारीत ओव्हरक्लॉक केला, म्हणजे बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगमध्ये) मल्टिप्लायर ४२ करून स्पीड ४.२ गिगाहर्ट्झला वाढवला आणि व्होल्टेज १.४ टाकलं, तेव्हा नीट चाललं. आता मे महिन्यात विंडोज चालू होतं, ब्राउझर वगैरे मस्त, पण एक्स्पोर्ट लावला की टेंपरेचर सरळ ९५ आणि ८-१० मिनिटांत खटकन बंद. खोलीत डेझर्ट कूलर आहे, त्याची गार हवा थेट आत जावी म्हणून कॅबिनेटचं साइड पॅनल काढून ठेवलंय तरी फरक नाही. सीझन चालू आहे, लोकांची कामं अडकलीत, बोर्ड किंवा प्रोसेसर उडेल का याचं टेन्शन आलंय. प्लीज सांगा.

सोल्डरगन
भाऊ, आधी ते पॅनल लाव आणि डेझर्ट कूलरची हवा पीसीवर मारणं आजच बंद कर, बाकीचं नंतर. अकोला म्हणजे खारपाणपट्टा, तुमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात किती क्षार असतात तुला माहितीये, त्याचे तुषार बोर्डवर बसून वाळले की मागे मीठ राहतं आणि वर पुन्हा ओलसर हवा लागली की शॉर्ट व्हायला तेवढं पुरतं. प्रोसेसरपेक्षा मला त्याची जास्त भीती वाटते.

आता मुद्द्याचं. जानेवारीत खोली २५ असेल आणि आता ४० असेल तर ते १५ डिग्री जसेच्या तसे प्रोसेसरच्या आकड्यात वाढतात, आणि ३६०० ची मर्यादाच ९५ आहे. त्यात १.४ व्होल्ट फिक्स. ऑटोवर असताना १.४ च्या वर गेलेलं दिसतं ते खरंय पण ते हलक्या कामाला, एखाद-दुसरा कोर पळत असताना, तू तेच व्होल्टेज सहाही कोरला फुल लोडवर देतोयस. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे १.४ चं १.२५ केलंस तर त्याच स्पीडला साधारण २० टक्के उष्णता कमी. डब्यातला तो छोटा कूलर ६५ वॉटच्या हिशोबाचा आहे, त्याच्याकडून अजून काय अपेक्षा करणार.

आणि खरं सांगू का, ३६०० स्वतःच बूस्ट करून, म्हणजे स्पीड वाढवून, सगळ्या कोरवर ४ गिगाहर्ट्झच्या आसपास जातो, ४.२ ने तुझी फार तर दोन मिनिटं वाचतील. टास्क मॅनेजर उघडून रॅमचा स्पीड काय दाखवतो ते इथे टाक आधी, मला वेगळीच शंका आहे.

वऱ्हाडी_एडिटर
पॅनल लावलं. रॅम २१३३ दाखवतोय?? घेतली तर ३२०० होती.

सोल्डरगन
तेच म्हटलं. एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारं बायोसमधलं सेटिंग, चालू केलेलं नाहीये, काही बोर्डवर त्याला डीओसीपी म्हणतात. रायझनमध्ये आतले भाग जोडणारा फॅब्रिक रॅमच्या घड्याळावर चालतो, रॅम २१३३ वर ठेवली की आख्खा प्रोसेसर हळू बोलतो. ते चालू कर, मल्टिप्लायर ४१ ठेव, व्होल्टेज १.२५ पासून सुरू कर आणि प्राइम९५ (प्रोसेसरला फुल ताण देऊन तपासणारं सॉफ्टवेअर) चालवून बघ.

रात्रपाळी_पुणे
कूलर बदलणार असशील तर एक गोष्ट जिवापाड सांगतो. तुझ्या बोर्डच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेटची पकड ढिली. मी थंड पीसीचा कूलर सरळ वर ओढला, कूलर आणि प्रोसेसरमधल्या वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर लिव्हर लॉक असतानाच सॉकेटमधून उपटून आला आणि कोपऱ्यातल्या तीन पिना वाकल्या. ०.५ च्या पेन पेन्सिलीतली शिसं काढून त्या नळीत एकेक पिन घालून दोन तास सरळ करत बसलो, हात थरथरत होते. म्हणून आधी १०-१५ मिनिटं गेम नाहीतर रेंडर लावून पेस्ट गरम करायची, पीसी बंद करून प्लग काढायचा, स्क्रू सोडवून कूलर घड्याळासारखा हळूहळू इकडे-तिकडे फिरवायचा, सैल झाला की मगच उचलायचा.

जुना_स्लॉट१
सेलेरॉन ३००ए वर शिकलेला माणूस आहे मी. १९९८ चा प्रोसेसर, मल्टिप्लायर ४.५ ला लॉक, पण बस (बोर्डचं मूळ घड्याळ, ज्याला मल्टिप्लायरने गुणलं की स्पीड येतो) ६६ वरून १०० केला की ३०० मेगाहर्ट्झचं थेट ४५०. ज्यांच्या बोर्डवर सेटिंग नव्हतं ते बी२१ पिनवर सेलोटेपचा बारीक तुकडा चिकटवायचे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला माझा पहिल्याच दिवशी ४५० वर उठला तो आनंद अजून आठवतो. तेव्हा कंपनी निम्मा स्पीड शिल्लक ठेवायची, आता बूस्टच्या नावाखाली सगळा स्वतःच पिळून विकते. त्यामुळे आपल्या हवेत आता हौस भागवायची तर व्होल्टेज खाली आणण्यात भागवावी, त्यातही तितकंच डोकं लागतं. एक लक्षात ठेव, प्राइम पास झालं तरी खऱ्या कामाचा एक मोठा एक्स्पोर्ट करून बघितल्याशिवाय गिऱ्हाईकाचं फुटेज लावू नकोस. रॅम अस्थिर असेल तर पीसी बंद न पडताही फाइल खराब होते.

वऱ्हाडी_एडिटर
अपडेट देतो. चार हीटपाइपचा टॉवर कूलर आणला, जुना रात्रपाळीदादांनी सांगितला तसा फिरवून काढला, प्रोसेसर जागेवर राहिला 🙏 एक्सएमपी चालू. ४.१ ला १.२२५ वर प्राइमचे दोन वर्कर वीस मिनिटांत एरर देऊन थांबले, १.२५ वर रात्रभर चाललं. खोली ३९ असताना एक्स्पोर्टला जास्तीत जास्त ८१ गेलं. ४३ मिनिटांचं काम ३९ मध्ये. स्लॉट१ काकांचं ऐकून आधी एक जुनं हळदीचं फुटेज काढून पूर्ण बघितलं, मग नवीन लावलं.

आणि सोल्डरगन भाऊ, पॅनल लावताना टॉर्च मारून बघितलं तर कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर बारीक पांढरे ठिपके होते, बोटाने घासले तर खरखरीत. बोर्डवर अजून आले नव्हते.